विश्लेषण : जागा साडेआठ लाख, अर्ज जेमतेम ७० हजार! 'आरटीई'तील एक किलोमीटरच्या वर्तुळात काय दडले होते?

'आरटीई'च्या २५ टक्के राखीव जागांसाठी महाराष्ट्रात दर वर्षी झुंबड उडते. २०२३-२४ या वर्षी १ लाख १ हजार ८४६ जागा होत्या आणि अर्ज आले ३ लाख ६४ हजारांहून जास्त. पुढच्या वर्षीची प्रक्रिया एप्रिल २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा पोर्टलवरचा जागांचा आकडा थेट साडेआठ लाखांच्या पुढे गेला होता. जागा आठपटीने वाढल्या, म्हणजे अर्जांचा पूर यायला हवा. प्रत्यक्षात अर्ज आले ७० हजारांच्या आसपास.

पालकांचा आरटीईवरचा विश्वास उडाला होता का? तसे काही नव्हते. त्या जागांमध्ये त्यांना हवी ती शाळाच नव्हती. दोन महिन्यांपूर्वी नियमात झालेल्या एका दुरुस्तीमुळे बहुतांश खासगी शाळा यादीतून गळाल्या होत्या. ही दुरुस्ती पुढे मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. पण त्यामागचा प्रश्न अजून तसाच आहे. मुलाला कोणत्या शाळेत घालायचे, हे ठरवण्याची मुभा गरीब घराला खरोखर किती आहे? आणि त्याची किंमत कोण मोजते?

मुळात २५ टक्क्यांचा नियम काय सांगतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील कलम १२ (१) (सी) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आहेत. हा पहिला वर्ग म्हणजे पहिली. शाळेत नर्सरी असेल तर नर्सरी. या मुलांकडून आठवीपर्यंत शुल्क घ्यायचे नाही. ते सरकार शाळेला देते. किती? सरकारचा स्वतःच्या शाळेत एका मुलावर होणारा खर्च किंवा त्या शाळेचे प्रत्यक्ष शुल्क, यांपैकी जे कमी असेल तेवढे.

'सरकार पालकांना शाळेसाठी कुपन देते' असा आरटीईबद्दल अनेकांचा समज असतो. तसे नाही. पालकांच्या हाती एक रुपयाही येत नाही. त्यांना मिळते ती सोडतीत नाव लागण्याची संधी.

खासगी शाळांनी या कलमाला आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी ते वैध ठरवले. मात्र मे २०१४ मध्ये घटनापीठाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना या कायद्यातून पूर्णपणे वगळले. शहरातल्या काही नामांकित शाळा आरटीईच्या यादीत दिसत नाहीत त्याचे कारण हे. त्या निकालाचा फेरविचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने सप्टेंबर २०२५ मध्ये म्हटले आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवले.

अर्ज करताना अंतर इतके महत्त्वाचे का?

राज्यात अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. २०२५-२६ च्या प्रक्रियेत पालकांना जास्तीत जास्त १० शाळा निवडता येत होत्या. अनुसूचित जाती-जमाती, भटके विमुक्त, इतर मागासवर्ग, विशेष मागासवर्ग, दिव्यांग, अनाथ, एचआयव्हीबाधित किंवा प्रभावित अशी मुले 'वंचित' गटात येतात. त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बाकीच्यांसाठी वार्षिक उत्पन्न १ लाख रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. महिन्याला साडेआठ हजारांहून कमी! पुण्या-मुंबईत राहून हा दाखला खरेपणाने कोणाला मिळत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

जात, उत्पन्न यांच्या बरोबरीने निकाल ठरवते ती नकाशावरची खूण. अर्ज भरताना पालकांना गुगल मॅपवर घराची जागा दाखवावी लागते. संगणक तिथून प्रत्येक शाळेचे अंतर काढतो. एक किलोमीटरच्या आतील मुलांना आधी प्राधान्य, मग एक ते तीन किलोमीटरमधील मुले, त्यानंतर त्यापलीकडची. मागणी असलेल्या शाळेत एक किलोमीटरच्या आतील अर्जांतच जागा संपतात. म्हणजे घर ९५० मीटरवर आहे की १,०५० मीटरवर, यावर मुलाची आठ-दहा वर्षे ठरू शकतात. हे अंतर मुलाच्या पायांनी मोजलेले नसते. मधे रेल्वेमार्ग असेल, नाला असेल, सिग्नल नसलेला हायवे असेल, नकाशावरच्या रेषेला त्याचे काही नसते.

साहजिकच चांगल्या शाळेजवळचा पत्ता ही मौल्यवान गोष्ट झाली. भाडेकरार 'करून देणारे' निघाले. नागपुरात २०२४ मध्ये बनावट कागदपत्रे देऊन प्रवेश घेतल्याच्या आरोपावरून पालकांवर गुन्हे दाखल झाले. फसवणूक ती फसवणूकच, पण तिचा उगम कुठे आहे हेही पाहायला हवे. जागा एक आणि दारात तीन-चार मुले, हे गणित दर वर्षी तसेच राहते.

गंमत म्हणजे, एवढे अर्ज येऊनही दर वर्षी काही हजार जागा रिकाम्या राहतात. सगळ्यांच्या अर्जांत त्याच मोजक्या शाळा असतात. कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांच्या 'इंटरनॅशनल'कडे फुकटही कोणी फिरकत नाही. जागांची विभागणीही एकसारखी नाही. पुणे जिल्ह्यात १५ हजारांहून अधिक जागा असतात, तर सिंधुदुर्गात काही शे. खासगी शाळाच जिथे कमी, तिथे २५ टक्के कशाचे काढणार?

९ फेब्रुवारी २०२४ रोजी काय बदलले?

त्या दिवशी राज्य सरकारने आरटीई प्रवेशाच्या नियमांत एक परंतुक घातले. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या परिघात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, ती खासगी शाळा २५ टक्के प्रवेशांसाठी निवडली जाणार नाही, असा त्याचा आशय होता. मुलांनी जवळच्या सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जावे.

वरवर पाहता हे बिनतोड वाटते. जवळच मोफत शाळा आहे, तर सरकारने खासगी शाळेचे पैसे का भरावेत? पण हे वर्तुळ कुठे काढले होते ते नीट पाहायला हवे. वर्तुळाचा मध्यबिंदू मुलाचे घर नव्हते. तो खासगी शाळा होता. समजा, एका मुलाच्या घरापासून खासगी शाळा पूर्वेला ९०० मीटरवर आहे आणि त्या शाळेच्याही पूर्वेला ९०० मीटरवर महापालिकेची शाळा आहे. दोन शाळांत अंतर एक किलोमीटरपेक्षा कमी, म्हणून खासगी शाळा यादीतून बाहेर. मुलाच्या घरापासून महापालिकेची शाळा मात्र १,८०० मीटरवर! राज्याच्या स्वतःच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी 'परिसर' म्हणजे एक किलोमीटर, असे म्हटले आहे. त्या मुलाला परिसरातली शाळा नाकारून परिसराबाहेरची शाळा दाखवली जात होती.

दुसरा मुद्दा आकाराचा. एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सव्वातीन चौरस किलोमीटरच्या जवळ जाते. राज्यात सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मिळून ६५ हजारांच्या आसपास शाळा आहेत. त्यात अनुदानित शाळांची भर. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांच्या दाट वस्तीत एवढ्या क्षेत्रात एकही सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही, अशी जागा शोधून सापडणे कठीण. म्हणजे जिथे खासगी शाळा आहेत तिथेच नियमाने त्या बाद होत होत्या.

आणि साडेआठ लाख जागा? सरकारी आणि अनुदानित शाळांतील जागाही आरटीईच्या पोर्टलवर आल्या, म्हणून तो आकडा फुगला. पण सरकारी शाळेत प्रवेशासाठी ना सोडत लागते ना उत्पन्नाचा दाखला. जून महिन्यात मुलाचा हात धरून शाळेत गेले की नाव दाखल होते. कायद्याने ती शाळा नाही म्हणू शकत नाही. जी गोष्ट चालत जाऊन मिळते तिच्यासाठी ऑनलाइन रांगेत कोण उभे राहील? पालकांनी अर्ज केले नाहीत, यात नवल नव्हते.

सरकारची बाजू काय होती?

ती अगदीच पोकळ नव्हती. सरकारी शाळेतील इमारत, शिक्षक, पोषण आहार यांवर पैसा खर्च होतोच. त्या शाळेचे मूल खासगी शाळेत गेले की शिक्षकाचा पगार कमी होत नाही आणि खासगी शाळेची प्रतिपूर्तीही द्यावी लागते. एका मुलासाठी दोनदा खर्च. शिवाय पट घसरला की संचमान्यतेत शिक्षकांची पदे कमी होतात, शिक्षक कमी झाले की उरलेले पालकही मुले काढून नेतात. जिल्हा परिषदेच्या कोणत्याही मुख्याध्यापकांना विचारा, हे चक्र ते बोटांवर मोजून सांगतील.

केरळ आणि कर्नाटकात असाच नियम आधीपासून होता. कर्नाटकने २०१९ मध्ये तो आणला, तेथील उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो उचलून धरला. परिणाम काय झाला? लाखाच्या घरात असलेले तेथील आरटीई प्रवेश पुढच्या वर्षांत काही हजारांवर आले. महाराष्ट्रात काय घडेल याचा अंदाज त्यावरून बांधता येत होता.

उच्च न्यायालयाने दुरुस्ती का रद्द केली?

पालक आणि संघटनांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी दुरुस्तीला स्थगिती दिली. शिक्षण विभागाने मग जुन्या नियमाने नव्याने अर्ज मागवले. या वेळी १ लाख ५ हजार जागांसाठी २ लाख ४२ हजारांहून अधिक अर्ज आले. त्याच वर्षी, त्याच राज्यात. फरक फक्त यादीत कोणत्या शाळा होत्या एवढाच होता.

१९ जुलै २०२४ रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने दुरुस्ती रद्द केली. संसदेच्या कायद्यात खासगी शाळेची २५ टक्क्यांची जबाबदारी कोणत्याही अटीविना आहे. जवळ सरकारी शाळा आहे की नाही यावर ती अवलंबून नाही. राज्य सरकार नियम करून मूळ कायद्याला नसलेली अट जोडू शकत नाही, हा निकालाचा गाभा. ही दुरुस्ती शिक्षणाच्या मूलभूत हक्कालाही धक्का लावते, असे न्यायालयाने म्हटले. शाळांच्या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी ती याचिका फेटाळली. गरीब घरांतील मुले सोबत असली की सधन घरांतील मुलांनाही देश कसा आहे हे कळते, अशा आशयाचे मतही सुनावणीत व्यक्त झाले.

पण या साऱ्यात मुलांचे काय झाले? सोडत ७ जूनला निघाली होती, यादी मात्र निकाल लागेपर्यंत जाहीर झाली नाही. राज्यातील बहुतेक शाळा जूनच्या मध्यास सुरू झाल्या. आरटीईची मुले वर्गात पोहोचेपर्यंत जुलै संपत आला होता. दरम्यान काही शाळांनी दुरुस्तीच्या भरवशावर त्या जागा शुल्क भरणाऱ्या मुलांना दिल्या होत्या. त्या मुलांचे प्रवेश काढू नका, पण २५ टक्के जागाही भरा आणि गरज पडल्यास प्रवेशक्षमता वाढवा, अशी वाट न्यायालयाने काढली. अनेक पालकांनी तोवर धीर सोडून दुसरीकडे पैसे भरले होते. ते परत मिळवण्याचा सोपा मार्ग कोणत्याच नियमात नाही.

१७ हजार ६७० रुपयांत शाळा परवडते का?

न्यायालयाने नियम वाचवला, पैशांचा प्रश्न मात्र तिथेच राहिला. महाराष्ट्रात एका मुलामागे वर्षाला १७ हजार ६७० रुपये प्रतिपूर्ती ठरलेली आहे. करोनाकाळात शाळा बंद होत्या म्हणून ती ८ हजारांवर आणली गेली होती. महिन्याला दीड हजारापेक्षा कमी शुल्क घेणाऱ्या छोट्या शाळेला ही रक्कम पुरते. मोठ्या शहरातील लाखभर शुल्क घेणाऱ्या शाळेसाठी ती नगण्य आहे.

रकमेपेक्षा मोठी तक्रार वेळेची आहे. प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकते. इंग्रजी शाळाचालकांच्या संघटनांच्या दाव्यानुसार थकबाकी दोन हजार कोटी रुपयांच्या वर गेली आहे. संघटनांचे आकडे थोडे चढे असतात हे गृहीत धरले, तरी थकबाकी आहे हे सरकारही नाकारत नाही. मोठी साखळी शाळा ही तूट शुल्क भरणाऱ्या मुलांवर टाकते. तालुक्याच्या गावातली, दोनशे मुलांची शाळा ती कुठे टाकणार? मग गणवेश, पुस्तके, बस, स्नेहसंमेलन, 'ॲक्टिव्हिटी' अशा नावांनी पैसे मागितले जातात. कायद्यात 'मोफत' शब्द आहे, पण पालकाच्या हाती पावती येते ती वेगळ्याच नावाची.

प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेणे, देणगी मागणे याला याच कायद्याच्या कलम १३ ने बंदी आहे. हे कलम फारसे चर्चेत नसते. पण शाळा निवडण्याची मुभा दिली आणि शाळेलाही मुले निवडण्याची मुभा ठेवली, तर काय होते याचे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील चिलीने दाखवून दिले आहे. तिथे १९८१ पासून सरकारी पैसा मुलामागे जाऊ लागला. मूल ज्या शाळेत जाईल, त्या शाळेला अनुदान. शाळा परीक्षा घेऊन मुले निवडत, वरून शुल्कही घेत. हळूहळू गरीब मुले एकीकडे आणि सधन मुले दुसरीकडे अशी शाळांची वाटणी झाली. विद्यार्थ्यांच्या मोठ्या आंदोलनांनंतर २०१५ मध्ये तिथे कायदा बदलला. अनुदान घेणाऱ्या शाळांना मुले निवडण्यास मनाई झाली, पालकांकडून वरचे शुल्क टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले आणि प्रवेश एकाच केंद्रीय पद्धतीने होऊ लागले. शाळेत जागा कमी पडल्या तर तिथेही आता चिठ्ठीवरच निकाल लागतो.

खासगी शाळेत गेल्याने मूल जास्त शिकते का?

या प्रश्नाचे भारतातले सर्वांत नीट उत्तर संयुक्त आंध्र प्रदेशातून आले आहे. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी २००८ पासून पाच जिल्ह्यांतील १८० गावांत सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेचे शुल्क मिळवून दिले. कोणाला मिळाले आणि कोणाला नाही हे निव्वळ नशिबाने ठरले होते, त्यामुळे दोन्ही गटांची तुलना खरी ठरते. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हिंदीत खासगी शाळेतील मुले पुढे होती, कारण सरकारी शाळांत त्या वर्गांना हिंदी फारशी शिकवलीच जात नव्हती. दुसरी बाजूही आहे. खासगी शाळांनी हेच काम सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहून कमी खर्चात केले. तेलुगू-गणिताला त्या वेळही कमी देत होत्या. दोन्ही पक्षांना हा अभ्यास आपापल्या सोयीने उद्धृत करता येतो आणि करतातही.

दुसरा अभ्यास दिल्लीचा. तिथे २००७ पासून अनेक खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा ठेवणे बंधनकारक झाले होते. गौतम राव यांनी त्या शाळांतील सधन मुलांकडे पाहिले. गरीब वर्गमित्र असलेली मुले जास्त उदार झाली आणि खेळात जोडीदार निवडताना गरीब मुलांना टाळण्याचे त्यांचे प्रमाण घटले. इंग्रजीच्या गुणांत थोडी घट दिसली, हिंदी आणि गणितात नाही. 'ती मुले आली की वर्ग बिघडतो' अशी कुजबुज पालकसभांत चालते, तिला हे उत्तर आहे.

मग सरकारी शाळा निवडणारे पालक कुठे आहेत?

आहेत, आणि रांगेत आहेत. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा एकेकाळी प्रतीक्षायादीसाठी गाजली. आसपासच्या गावांतील पालक तिथे जागेसाठी खेटे घालत. खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पट घसरून बंद पडायच्या बेतात होती. ती पुढे नावारूपाला आली आणि २०२५ मध्ये जगातील उत्तम शाळांच्या स्पर्धेत पहिल्या दहांत पोहोचली. मुंबई महापालिकेने २०२० मध्ये सीबीएसई आणि आयसीएसई मंडळाच्या शाळा सुरू केल्या, तेव्हा अर्ज जागांपेक्षा खूप जास्त आले आणि महापालिकेच्या शाळेतही सोडत काढावी लागली. ज्या महापालिकेच्या मराठी शाळा पटाअभावी बंद पडत आहेत, त्याच महापालिकेची ही गोष्ट. पालकांना खासगी पाटीच हवी असते, हा समज इथे टिकत नाही. मात्र त्यांना इंग्रजी हवे असते, हेही नाकारता येत नाही. आरटीईच्या अर्जांत पालक ज्या शाळा भरतात त्या बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या असतात, यावर मराठी शाळांसाठी लढणाऱ्यांनीही जरा थांबून विचार करायला हवा.

वाडी-पाड्यांवर चित्र उलटे आहे. तिथे निवडायला दुसरी शाळाच नसते. राज्यात २० किंवा त्यापेक्षा कमी पटाच्या १४ हजार ७८३ शाळा २०२३ मध्ये होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुले शिकत होती. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने अशा शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुण्यातील पानशेत इथले नमुने पुढे ठेवले होते. जास्त मुले, प्रत्येक इयत्तेला शिक्षक, मैदान, प्रयोगशाळा, असा त्यामागचा विचार. विरोधकांचा प्रश्न साधा होता. सहा वर्षांच्या मुलीने पावसाळ्यात ओढा ओलांडून रोज तिथपर्यंत जायचे कसे? गाडी येईल, हे आश्वासन पहिल्या वर्षी पाळले जाते. डिझेलचे बिल थकले की काय होते हे ग्रामीण महाराष्ट्राला सांगायला नको. शहरात 'एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा आहे' म्हणून खासगी शाळा बाद करणारे सरकार, त्याच काळात गावातली एक किलोमीटरच्या आतली शाळा दूर नेण्याचा विचार करत होते.

आठवीनंतर काय?

आरटीईचा हक्क सहा ते चौदा वयोगटाचा आणि पहिली ते आठवीपर्यंतचा आहे. महाराष्ट्रात सुरुवातीच्या वर्षांत याखाली प्रवेश मिळालेली मुले नववीच्या उंबरठ्यावर आली तेव्हा अनेक पालकांना हे पहिल्यांदा कळले. आठवीचा निकाल लागतो आणि शाळेकडून नववीच्या शुल्काचे पत्रक येते, पूर्ण शुल्काचे. नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. त्यात तीन ते अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा आहे, पण कायद्यातील वयोमर्यादा बदललेली नाही.

अशा वेळी पालकांपुढे दोनच मार्ग उरतात. कर्ज काढून, दागिने मोडून त्याच शाळेत ठेवायचे किंवा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन अनुदानित शाळेत न्यायचे. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंतचे शिक्षण मोफत आहे. मुलांसाठीही शुल्क खासगी शाळेच्या मानाने फार कमी असते. अडचण बोर्डाची आणि माध्यमाची येते. दहा वर्षे सीबीएसईत इंग्रजीतून शिकलेल्या मुलाला राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या नववीत बसवणे सोपे नाही. ज्यांचे मूल सध्या सहावी-सातवीत आहे, त्यांनी जवळच्या अनुदानित शाळांपैकी कोणत्या शाळेत सेमी-इंग्रजी किंवा इंग्रजी माध्यमाची तुकडी आहे आणि नववीला बाहेरून किती मुले घेतात, याची चौकशी आतापासूनच करून ठेवावी. त्या तुकड्यांच्या जागा मे महिन्यातच संपतात.